बिनरंगाची जागा

“त्या पोरीला काय विचारता? ती ‘हो’ पण इतकं हळू म्हणते, की कुणी बोललं का म्हणून आपण मागे वळून बघावं.”

वायरमन पप्पांना सांगत होता. मी मोगऱ्याच्या कुंड्यांमागे पाण्याचा पाइप धरून उभी होते. पाण्याच्या आवाजात मला ऐकू येत नसेल, असं त्याला वाटलं असावं. पप्पा एवढंच म्हणाले होते, की थांबा, बॅटरी परवा मुलीनं चार्जिंगला लावली होती, तिला विचारतो.

“बोलत नाही, पण तिचं लक्ष असतं सगळीकडं,” पप्पा म्हणाले.

“लक्ष तर त्याचं पण आहे.” वायरमनने विजेच्या टॉवरवर बसलेल्या कावळ्याकडे पान्याने खूण केली, आणि दोघंही हसले. पप्पा जरा कमी हसले. मी पाइप पुढच्या रांगेकडे वळवला.

आमची नर्सरी हाय टेन्शनच्या तारांखाली आहे. नवी मुंबईत या तारांखाली इमारती बांधता येत नाहीत, म्हणून तारा जिथून जातात तिथे खाली नर्सऱ्यांची रांग लागलेली असते. ढगाळ हवेत तारा वरून बारीक भुणभुणतात. गिऱ्हाइकं दचकून वर बघतात, आम्हाला ते ऐकूसुद्धा येत नाही. त्या दिवशी सकाळपासून वायरमन आमच्या शेडमध्ये होता आणि त्याच्यासमोर पप्पांचा छोटा लाल ट्रॅक्टर बॉनेट उघडून उभा होता.

हा शेतातला ट्रॅक्टर नव्हे. यावर बसून मोठ्या लॉनचं गवत कापतात. पोटाखाली पाती असतात, पुढे दोन दिवे, आणि सीट एका माणसापुरती. तळोज्याच्या एका कंपनीने तो कधीतरी बाहेरदेशातून मागवला होता, न्हावा शेवाला कंटेनरमधून उतरवून. पप्पा त्या कंपनीत माळी होते. ट्रॅक्टर आला तेव्हा इतर माळी त्याला हात लावायला कचरले आणि पप्पा त्यावर चढून बसले, ते कंपनी बंद होईपर्यंत उतरले नाहीत. कंपनीचं सामान लिलावात निघालं तेव्हा लोकांनी पंखे घेतले, कपाटं घेतली. पप्पांनी ट्रॅक्टर घेतला. आई बरेच दिवस त्यांच्याशी नीट बोलत नव्हती. नंतर त्याच ट्रॅक्टरवर पप्पांना तळोज्याच्या दुसऱ्या एका कंपनीच्या लॉनचं काम मिळालं, त्यातून नर्सरी उभी राहिली, आणि आईने ट्रॅक्टरच्या सीटसाठी जुन्या साडीची गादी शिवून दिली. आमच्या घरात समेट असा होतो.

आता तो ट्रॅक्टर दिवाळीपासून रुसला होता. इंजिनाला काही झालं नव्हतं. एकदा चालू झालं की बिचारं दिवसभर चालायचं. पण इंजिन चालताना बॅटरी भरायला हवी, ती भरत नव्हती. घरून चार्ज करून आणलेली बॅटरी सुरुवातीच्या काही स्टार्टना पुरायची आणि मग चावी फिरवली की नुसता टक् असा आवाज यायचा. आधी वाटलं बॅटरी म्हातारी झाली. नवीन आणली. तिचंही तेच झालं. तळोज्याच्या लॉनवर मधेच थांबवलेला ट्रॅक्टर पुन्हा चालू होईना, आणि पप्पांना दुखऱ्या गुडघ्याने सिक्युरिटी केबिनपर्यंत चालत जाऊन कुणाची तरी बॅटरी मागावी लागली. तिथला मॅनेजर चांगला माणूस होता, पण त्याने सांगून ठेवलं होतं की पावसाळ्यात गवत धावत सुटतं, तोपर्यंत गाडीचं काय ते करा, नाहीतर मला दुसरा माणूस बघावा लागेल. हातात धरून ढकलायचं मशीन पप्पांच्या गुडघ्याला झेपणार नव्हतं, हे सगळ्यांना माहीत होतं. पप्पा तेवढं बोलत नव्हते.

वायरमनने हात पुसले. “साहेब, कॉइल गेली. इंजिनाच्या आत असते, चाकाखाली. तीच करंट बनवते. आता बाहेरच्या गाडीची कॉइल मी कुठून आणू? ट्रक असता तर उद्या चालू करून दिला असता.” ते खरं होतं. तुर्भ्याला ट्रक टर्मिनलजवळ त्याचं दुकान होतं आणि पहाटेपासून त्याच्याकडे ड्रायव्हर उभे असायचे. “माझं ऐका, लोखंडाला भाव आहे तोवर देऊन टाका. भंगारवाला माझ्या ओळखीतला आहे. रविवारी टेम्पो घेऊन येईल.”

“बघू की,” पप्पा म्हणाले. पप्पांचं ‘बघू की’ म्हणजे होकार असतो. तो फक्त चावून दिलेला असतो.

नर्सरीतली मावशी रोपांच्या पिशव्या भरत बसली होती. ती इथल्याच जुन्या गावातली. आमची नर्सरी जिथे आहे तिथे तिच्या माहेरची भातशेती होती, असं ती प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला सांगते. वायरमन गेल्यावर ती माझ्याकडे बघून म्हणाली, “काय गो बाय, तुझ्या बापसाचा घोरा चालला. तू नुसती पानी मार.”

मी पाणी मारत राहिले.

माझं न बोलणं काही गूढ नव्हतं. इंग्रजी शाळेत इतर मुली घरीही इंग्रजी बोलणाऱ्या होत्या, त्यामुळे तिथे मी तोंड उघडायच्या आधी वाक्य मनात दोनदा तपासायचे, आणि तोवर विषय पुढे गेलेला असायचा. नर्सरीत उलटं. इथे माझं मराठी ऐकून लोकांना मजा वाटायची. गिऱ्हाइकाने एकोणसत्तर म्हटलं की मला आजही मनातल्या मनात इंग्रजीत उतरवून घ्यावं लागतं, आणि तेवढ्या वेळात मावशी हसून घेते. दोन्हीकडे गप्प राहणं सोपं होतं. गप्प राहिलं की माणूस बघायला लागतो. सीवूड्सच्या ज्या ऑफिसात मी नोकरी करते तिथेही मी कंटेनरची कागदपत्रं तपासते, कारण त्यात बघायचं जास्त आणि बोलायचं कमी.

आणि मी एक गोष्ट बघितली होती. कॉइल इंजिनाच्या आत असते हे वायरमनने बरोबर सांगितलं, पण त्याने ती तपासली नव्हती. इंजिनातून दोन वायरी बाहेर येऊन एका चपट्या, पंखेदार अॅल्युमिनियमच्या डबीत शिरत होत्या. त्याने ती डबी नुसती बोटाने ठोकली होती.

त्या आठवड्यात मी ऑफिसच्या बसमध्ये ट्रॅक्टरचं मॅन्युअल वाचलं. इंटरनेटवर कुणीतरी पानं स्कॅन करून टाकली होती, काही तिरकी, काहींवर तेलाचे अंगठे. शिवाय परदेशातले म्हातारे आपापल्या गॅरेजमध्ये उभे राहून याच जातीच्या इंजिनांबद्दल बोलतात, असे पुष्कळ व्हिडिओ सापडले. ते फार सावकाश बोलतात. मला ते आवडले. माझ्या इंग्रजीचा नर्सरीला पहिल्यांदाच काही उपयोग होत होता, आणि खरं सांगायचं तर मला त्याची चांगलीच ऐट वाटत होती, बसमध्ये कुणाला दिसत नसली तरी. त्या डबीला रेग्युलेटर म्हणतात, हे मला कळलं. कॉइलमधून येणारी वीज उसळती असते. ती बॅटरीला सोसेल अशी करून देणं हे रेग्युलेटरचं काम. कॉइल ठीक असेल तर त्या दोन वायरींमध्ये इंजिन चालू असताना भरपूर व्होल्टेज दिसायला हवं. म्हणजे आधी मोजायचं, मग बोलायचं.

वाशीतून मी एक साधा मीटर आणला. शनिवारी पप्पा कुणाच्या तरी गच्चीवरची बाग लावायला गेले होते तेव्हा मी चार्ज केलेली बॅटरी ट्रॅक्टरला जोडली, इंजिन चालू केलं, वायरी डबीतून काढल्या आणि मीटरच्या सुया लावल्या. आकडा तिशीच्या वर गेला आणि तिथे थरथरत राहिला. कॉइल ठणठणीत होती.

मावशी लांबून बघत होती. “करंट लागंल गो,” ती म्हणाली. मी मान हलवली.

पप्पा आल्यावर हे त्यांना कसं सांगायचं, याचा मी बराच विचार केला. शेवटी मीटरचा फोटो काढून व्हॉट्सअॅपवर पाठवला. खाली लिहिलं, ‘कॉइल चांगली आहे. रेग्युलेटर खराब असेल. नवीन मिळतो. भंगारात देऊ नका.’ पप्पा तेव्हा माझ्यापासून तीन-चार कुंड्यांच्या अंतरावर उभे होते. त्यांनी फोन काढला, हात लांब करून वाचलं, माझ्याकडे बघितलं नाही, आणि तोंडाजवळ फोन धरून व्हॉइस मेसेज केला. तो मला फोनमधूनही ऐकू आला आणि समोरूनही. “बरं. किती दिवस लागतील? मी भंगारवाल्याला पुढच्या रविवारी ये म्हणतो.”

मावशीने कपाळावर हात मारला. “दोघं बी येकाच घरातली ना गो तुमी?”

रेग्युलेटरवर कोरलेला नंबर घासून वाचता आला. त्याच नंबरचा पार्ट ऑनलाइन मिळाला. शुक्रवारी पुडकं आलं. शनिवारी सकाळी पप्पांनी वायरमनलाही बोलावून घेतलं. माझ्यावर विश्वास नव्हता असं नाही. ज्याने निदान केलंय त्याच्यामागे परस्पर काही करणं त्यांना बरं वाटत नव्हतं.

जुनी डबी दोन स्क्रूंवर बसवलेली होती. स्क्रू सोडवले तेव्हा डबीखालून आणि स्क्रूंच्या डोक्याखालून काळ्या रबराच्या चकत्या निघाल्या, सायकलच्या ट्यूबच्या, कात्रीने गोल कापलेल्या. पप्पांचंच काम. अशा गोष्टी ते फार मन लावून करतात.

ट्रॅक्टरला दरवर्षी दसऱ्याआधी रंग लागतो. कंपनीत असताना खंडेनवमीला सगळी मशिनं धुऊन, हळदकुंकू लावून, झेंडूची माळ घालून पुजायची पद्धत होती, आणि रंग उडालेलं मशीन पुजेला ठेवायचं नाही असं तिथल्या जुन्या फोरमनने पप्पांच्या मनावर ठसवलं होतं. पप्पांनी ते नर्सरीत चालू ठेवलं. बाकीची वर्षं ते वरवर ब्रश फिरवत. मागच्या दसऱ्याला मात्र त्यांनी बॉनेट काढलं, आतला एकेक तुकडा सोडवला, पत्रा पॉलिश पेपरने घासला, प्रत्येक तुकड्याला वेगळा लाल हात दिला आणि जोडताना खडखड करणाऱ्या वस्तूंखाली रबर घातलं. ट्रॅक्टर शोरूममधून आल्यासारखा दिसत होता. झेंडूची माळ घातलेल्या त्या ट्रॅक्टरसमोर पप्पांचा एक फोटो आहे. त्यात ते एका हाताने बॉनेटला टेकले आहेत आणि चेहऱ्यावर मोठ्या गाडीच्या मालकाचा भाव आहे.

मी नवी डबी बसवली. त्याच लाल पत्र्यावर, त्याच रबराच्या चकत्या नीट जुळवून, कारण पप्पांनी त्या इतक्या गोल कापल्या होत्या. वायरी जोडल्या. पप्पांनी चावी फिरवली. इंजिन चालू झालं. मी बॅटरीवर मीटर लावला.

बारा पॉइंट चार. पप्पांनी रेस दिली. बारा पॉइंट चार. आकडा चौदाच्या घरात जायला हवा होता. तो जागचा हलला नाही.

कुणी हसलं नाही, म्हणून मला जास्त लागलं. वायरमनला टोमणा मारता आला असता, पण त्याने फक्त मीटर स्वतःच्या हातात घेऊन एकदा पुन्हा बघितलं आणि परत दिला. “होतं असं,” तो म्हणाला. “जुनी गाडी आहे. एक सुधारलं की दुसरं निघतं.”

“असू दे,” पप्पा म्हणाले. मग त्यांनी इंजिन बंद केलं, खाली उतरले आणि सीटवरची आईने शिवलेली गादी सोडायला लागले. तिच्या नाड्या सीटच्या मागे घट्ट बांधलेल्या होत्या. गाठ सुटेना, तर त्यांनी दाताने सोडवली. गादी झटकली, घडी केली, आणि काखेत धरून ते शेडमध्ये गेले. भंगारवाला उद्या येणार होता. गादी त्याला द्यायची नव्हती.

पप्पांना मी रागावलेलं पाहिलं आहे, थकलेलं पाहिलं आहे. असं सावकाश, निगुतीने हरताना कधी पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी घरी मी मॅन्युअलचं तेच पान पुन्हा उघडलं. ते मी इतक्या वेळा वाचलं होतं की आता वाचत नव्हते, नुसती बघत होते. चित्रात रेग्युलेटरला तीन वायरी होत्या. दोन कॉइलकडून येणाऱ्या, एक बॅटरीकडे जाणारी. माझ्या डोक्यात आलं, की बॅटरीला तर दोन टोकं असतात. प्लसची वायर इथे आहे. मग मायनसची कुठे? चित्राखाली बारीक अक्षरात एक ओळ होती, जी मी पार्टच्या नंबराच्या शोधात प्रत्येक वेळी ओलांडून गेले होते. डबीचं अंग हेच मायनस. ते इंजिनाच्या उघड्या लोखंडाला टेकलेलं असलं पाहिजे.

मला आधी तो फोटो आठवला, झेंडूची माळ घातलेला. मग ट्यूबच्या गोल चकत्या.

रविवारी सकाळी मी पप्पांच्या आधी नर्सरीत पोचले. मावशी आलेली होती, तिची भाकरी चालली होती. मी वायरचा एक तुकडा घेतला, एक टोक नव्या डबीच्या अंगाला लावलं, दुसरं बॅटरीच्या मायनसला, आणि इंजिन चालू केलं. मीटरचा आकडा उठला. बारा, तेरा, चौदा पॉइंट दोन. तिथे थांबला. वायर काढली, खाली आला. लावली, वर गेला. मी हे उगाचच पुन्हा पुन्हा केलं.

“काय खेलतेस?” मावशी म्हणाली.

“मावशी, तुमची भांड्यांची घासणी द्या ना,” मी म्हणाले. बहुतेक मी त्या आठवड्यात तिला म्हटलेलं हे सर्वांत लांब वाक्य होतं. तिने काही न विचारता तारेची घासणी दिली.

इंजिन बंद करून मी डबी सोडवली आणि पत्रा घासायला लागले. मधे लाल एकच थर होता. कडेला मात्र त्याखाली जरा फिका लाल निघाला, त्याखाली एका वर्षीचा भगवा, जो पप्पांनी गेटचा उरलेला वापरला होता. सगळ्यांत खाली कंपनीचा हिरवा, त्यात ट्रॅक्टर कंटेनरमधून उतरला होता. मग सगळीकडे लोखंड लागलं, पांढरं, चकचकीत. डबीच्या आकाराएवढीच जागा मी उघडी केली, एक रेघ जास्त नाही. रबराच्या चकत्या काढून खिशात टाकल्या, साधे लोखंडी वायसर घातले आणि स्क्रू आवळले. इंजिन चालू केलं. चौदा पॉइंट दोन, कुठलीही जादा वायर न लावता. मी दिवे लावले. रेस दिली की ते उजळत होते. भर उन्हातसुद्धा ते कळत होतं.

पप्पा रिक्षातून उतरले तेव्हा ट्रॅक्टर शेडबाहेर दिवे लावून उभा होता आणि मी बाजूला मीटर धरून उभी होते. त्यांनी आधी दिव्यांकडे बघितलं. मग वाकून मीटर वाचला. मग इंजिन बंद केलं, चालू केलं, बंद केलं, चालू केलं. मला वाटलं आता विचारतील, काय केलंस. त्यांनी विचारलं नाही. शेडमध्ये जाऊन गादी आणली आणि नाड्या बांधायला लागले.

भंगारवाल्याचा टेम्पो आला तेव्हा पप्पा ट्रॅक्टरवर बसून नर्सरीच्या कडेची गवताची चिंचोळी पट्टी कापत होते, जी खरं तर कोयत्यानेही झाली असती.

“शेठ, हाच का न्यायचा?” भंगारवाल्याने ओरडून विचारलं.

“हा कुठला? हा चालू आहे,” पप्पा सीटवरून म्हणाले. “मुलीनं रेग्युलेटर बदललाय. चहा घेऊन जा.”

पुढचे कित्येक आठवडे पप्पा हे वाक्य सगळ्यांना सांगत होते. तळोज्याच्या मॅनेजरला, गुलाब घ्यायला आलेल्या बायकांना, गावी काकांना फोनवर. “मुलीनं रेग्युलेटर बदलला.” रेग्युलेटर हा शब्द ते जरा जोर देऊन म्हणायचे. वायरमन स्वतः येऊन आकडा बघून गेला. “मॅडम, आमच्या दुकानात या कधी,” तो म्हणाला. मी पोरीची मॅडम झाले होते. मी हसले, आणि खोटं कशाला सांगू, तो दिवस मला फार छान गेला. पावसाळाभर ट्रॅक्टर तळोज्याला एकदाही बंद पडला नाही. पप्पा केबिनपर्यंत चालत गेले, ते फक्त चहा प्यायला.

पण त्या दिवसांत मी एक काम गुपचूप केलं होतं. जुनी डबी उघड्या लोखंडावर बसवून पाहिली होती. तीही चौदा दाखवत होती. म्हणजे रेग्युलेटर कधी बिघडलाच नव्हता. ती डबी मी बिस्किटाच्या डब्यात, त्या रबराच्या चकत्यांसोबत ठेवून दिली. रेग्युलेटर गेला म्हटलं की त्यात कुणाचा दोष नव्हता, वस्तू असते, जाते. रंगाचं म्हटलं की ट्रॅक्टर ज्यांनी सर्वांत जास्त जपला त्यांच्याच हाताने बंद पडला असं होत होतं. ते मला माझ्या तोंडून काढायचं नव्हतं. आणि फोटो पाठवून सांगण्यासारखंही नव्हतं.

मग दसरा आला. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी सकाळी पप्पांनी ट्रॅक्टर शेडबाहेर काढला, धुतला आणि रंगाचा नवा डबा फोडला. या वर्षी ट्रॅक्टरने नाव राखलं होतं, त्यामुळे काम मागच्या वर्षीपेक्षाही बारकाईने व्हायचं होतं. मावशी झेंडूची माळ ओवत बसली होती. वायरमनही आला होता, त्याच्या दुकानासाठी आंब्याची पानं आणि फुलं न्यायला, आणि नेहमीप्रमाणे रेंगाळला होता. दोन-चार गिऱ्हाइकंही होती. मी कुंड्यांना पाणी मारत होते.

पप्पांनी बॉनेट काढलं. एकेक तुकडा सोडवून गोणपाटावर मांडला. मग त्या दोन स्क्रूंना पाना लावला.

मला ते होणार हे माहीत होतं. मी ठरवलं होतं की आदल्या संध्याकाळी घरीच एकट्याला सांगेन. संध्याकाळी ते रंगाचे डबे बघत बसले होते, इतके खूश, की सकाळी सांगू म्हटलं. सकाळी ते माझ्या आधी निघाले होते.

डबी त्यांच्या हातात आली. तिच्याखालचं उघडं लोखंड उन्हात चमकलं.

“हे काय?” पप्पा वाकून बघत म्हणाले. “इथला रंग कुणी खरवडला?”

“उंदरांनी,” मावशी माळेतून मान वर न करता म्हणाली, आणि गिऱ्हाइकांतली एक बाई हसली. मावशीला माहीत होतं. घासणी तिचीच होती.

वायरमनने पुढे होऊन बघितलं. “गंजेल ना साहेब. मारा एक हात, दोन हात मारा. आणि खाली रबर टाका परत, थरथर कमी होते.”

पप्पांच्या शर्टाच्या खिशात ट्यूबचा तुकडा होता, तो मला दिसत होता. त्यांनी डबी गोणपाटावर ठेवली, ब्रश रंगात बुडवला, डब्याच्या काठावर निथळला. तळोज्याचं लॉन दोन दिवसांनी कापायचं होतं.

आता ती जागा पप्पा स्वतः सांभाळतात. दर महिन्याला रंग पुसायच्या फडक्याने साफ करतात, कडेने ग्रीसचं बोट फिरवतात, आणि कुणी नवा माणूस बॉनेटखाली डोकावला तर त्याला आधी तीच दाखवतात, रंगापेक्षाही आधी. पण त्या सकाळी मला हे माहीत नव्हतं. मला फक्त ब्रशच्या टोकाला जमलेला लाल थेंब दिसत होता, आणि त्याच्याखालचं लोखंड.

मी पाइप खाली टाकला. पाणी कुठेही जायला लागलं. सगळ्यांनी मान वळवली, कारण आवाज माझ्या बाजूने आला होता, आणि तो हळू नव्हता.

“पप्पा, तिथं रंग लावू नका. ती डबी उघड्या लोखंडाला टेकलेली असली तरच बॅटरी भरते. मागच्या दसऱ्याला तुम्ही खाली रंग दिला, रबर घातलं, त्यानं ती भरायची थांबली. रेग्युलेटर जुना पण चांगलाच होता, मी तपासलाय. ती जागा मीच घासली. एवढी चार बोटं तशीच ठेवा, बाकी सगळा लाल करा.”